मैदान कुणाच्या बापाचं?

(निमगाव केतकी येथे जयंतीची क्रिकेट स्पर्धा अर्ध्यावर आली असताना समाजमंदिरासमोर केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं नीट करून, इथं देत आहे.)



मला इथं बक्षिसं वाटायला बोलावलेलं नाही. बक्षिसं वाटणारे पाहुणे वेगळे असतात, त्यांची गाडी लांबूनच ओळखू येते. मला बोलावलंय भांडण ऐकायला. स्पर्धा अर्ध्यावर आलीय आणि मंडळात दोन तट पडलेत. आठ टीम. निम्मे सामने वस्तीमागच्या गायरानावर झाले. आता एक देणगीदार म्हणतो, उरलेले सामने रस्त्याकडेच्या माझ्या मैदानात घ्या. लाइट माझी, मांडव माझा, पहिलं बक्षीस माझं. अर्धी पोरं म्हणतात, घ्या की, फुकट मिळतंय. अर्धी म्हणतात, ही दगाबाजी आहे. आपल्या खडबडीत पिचवर जे हरले ते म्हणतात, मग आमची मॅच पुन्हा घ्या. काल रात्री ह्यावरून गचांडी धरण्यापर्यंत मजल गेली असं कळलं.

च्यायला, ऐकून मला बरं वाटलं. पोरं दारूवरून भांडत नाहीत, पुढाऱ्याच्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा ह्यावरून भांडत नाहीत, न्याय कशाला म्हणायचं ह्यावरून भांडतायत. भांडा. पण भांडणाचं मूळ धरून भांडा. म्हणून मी आज तुम्हाला निकाल सांगायला उभा नाही. हिशेब मांडायला उभा आहे. निकाल तुम्ही लावायचा.

आधी माझी एक गोष्ट सांगतो. मी ह्याच तालुक्यातला. गावाचं नाव घेत नाही; त्या गावात आजही माझी बहीण नांदते. १९९४ चा उन्हाळा. आमच्या टीमला नाव नव्हतं, लोक म्हणायचे 'खालच्या आळीची टीम'. ओढ्याकाठच्या रानात खेळायचो. तिथला प्रत्येक दगड आम्हाला पाठ. टप्पा कुठं पडला की चेंडू घोट्याखाली राहतो, कुठं पडला की कानाशी येतो, हे आमच्या बोलरला झोपेत माहीत. दोन टीम लोळवल्या. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी सांगावा आला, मॅच वरच्या मळ्यात होणार. का? 'पाव्हणं येणार हायती.' गेलो. मॅचच्या मध्यात पाणी आलं. त्यांच्या पोरांनी माठातून पेला बुडवून प्यायलं. आमची पाळी आली तेव्हा एक म्हातारा पुढं झाला आणि म्हणाला, वंजळ करा रं. वरून धार धरली. आमचा बोलर ओंजळ न करता तसाच मागं फिरला. सबंध डाव कोरड्या घशानं टाकला त्यानं. आम्ही हरलो.

हरलो त्याचं काही नाही. हरणारा कुणीतरी लागतोच. पण घरचं मैदान म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. घरचं मैदान म्हणजे ओळखीची माती नव्हे, टाळ्या वाजवणारे भाऊबंद नव्हेत. तहान लागल्यावर जिथं कुणाची परवानगी घ्यावी लागत नाही, ते घरचं मैदान.

आता ही गोष्ट आमच्यापुरतीच होती का? पुण्यात पाळवणकर बाळू नावाचा माणूस होऊन गेला. जन्म १८७६ चा. आपला माणूस. आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर पिच झाडायचा, रोलर फिरवायचा. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेला. साहेबांना सरावासाठी डावखुरा चेंडू टाकू लागला आणि साहेबांची भंबेरी उडवू लागला. हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं, तेव्हा ह्याला टीममध्ये घ्यावंच लागलं. चेंडू त्याच्या हातचा चालत होता, कारण विकेट पडत होती. चहा मात्र पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. बाकीच्यांना आत, चिनीमातीच्या कपात. १९११ साली भारताचा पहिला संघ विलायतेला गेला, त्या दौऱ्यात ह्या माणसानं शंभरावर विकेट काढल्या. परत आला तेव्हा त्याच्या सत्काराला मानपत्र द्यायला कोवळा भीमराव आंबेडकर पुढं होता असं सांगतात. आणि हेही सांगायला पाहिजे, लपवायचं नाही: १९३७ च्या निवडणुकीत हाच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि पडला. इतिहास आपल्या सोयीनं झाडूनपुसून घ्यायचा नसतो. तो धंदा दुसऱ्यांचा.

बाळूला घरचं मैदान होतं का सांगा. ज्या मैदानाचं गवत त्यानं कापलं, ज्याचं पिच त्यानं लाटलं, ज्यावर त्यानं घाम गाळला, त्याच मैदानाच्या पॅव्हेलियनमध्ये त्याला चहा नव्हता. तेव्हा कुणी 'घरचं मैदान' म्हणालं की आपण पहिला प्रश्न विचारायचा: कुणाच्या घरचं?

आता खेळाच्या हिशेबाकडं येतो. मैदान अर्ध्यावर बदलणं टीमांच्या दृष्टीनं बरोबर का चूक?

विलायतेतला टॉटनहॅम हा फुटबॉल क्लब घ्या. जुनं मैदान पाडून नवं बांधायला काढलं. २०१८-१९ चा हंगाम सुरू झाला तरी नवं तयार नाही. म्हणून घरचे सामने वेम्ब्लीवर, नव्वद हजार खुर्च्यांच्या मैदानात. ३ एप्रिल २०१९ ला नवं मैदान उघडलं. लीगमधले घरचे १९ सामने. त्यांतले १४ वेम्ब्लीवर झाले, शेवटचे ५ नव्यावर. आता बघा. लीगचं तत्त्व काय? प्रत्येकानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा ह्याच्या घरी, एकदा त्याच्या घरी. सगळ्यांची परीक्षा एकाच पेपरवर. इथं १४ जणांना एक पेपर आणि ५ जणांना दुसरा. वेम्ब्लीवर टॉटनहॅमसुद्धा भाडेकरूच. आदल्या दिवशी अमेरिकन फुटबॉल झालेल्या, उखणलेल्या गवतावर त्यांना मँचेस्टर सिटीशी खेळावं लागलं आणि ते हरले. नवं मैदान मात्र गच्च भरलेलं, गल्लीतल्या माणसांचं. मग ज्या पाच टीम शेवटी आल्या त्यांच्यावर अन्याय झाला की नाही? थोडा झाला. पण मैदान बदलणार हे हंगामाआधीपासून सगळ्यांना माहीत होतं, लीगनं त्याला उघड परवानगी दिली होती, आणि कोण कधी येणार हे कुणी मुद्दाम हेरून ठरवलं नव्हतं. अन्याय होता, पण कपट नव्हतं. ह्या दोन गोष्टींत फरक करायला शिका. रागाच्या भरात आपण सगळं एकाच पोत्यात भरतो.

हे तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो. कालव्याची पाळी असते ना? नीरा डावा कालवा आणि खडकवासल्याचा कालवा, दोन्हींचं शेपूट आपल्या इंदापूर तालुक्यात. शेपटाला राहणाऱ्याला न्याय कुणी शिकवायला नको. नियम काय सांगतो? पाणी शेपटाकडून सुरू करून वर जायचं, टेल टू हेड. पाळी लागली की दारं ठरल्याप्रमाणं उघडायची. आता आवर्तन अर्ध्यावर असताना रातोरात कुणी दारं फिरवली तर तुम्ही काय म्हणाल? कालवा फुटला म्हणून फिरवली तर एक गोष्ट. वरच्या मळ्यातला ऊस वाळतोय म्हणून फिरवली तर दुसरी. दारं दोन्हीकडं तीच फिरली. पण एकाला आपण अडचण म्हणतो, दुसऱ्याला चोरी.

तसंच पालखीचं. तुकोबांची पालखी ह्याच रस्त्यानं जाते. कुठल्या गावात विसावा, कुठं मुक्काम, हे पोराबाळांना पाठ. उद्या सोहळा अर्ध्या वाटेवर असताना कुणी म्हणालं, ह्या गावचा मुक्काम रद्द, पुढच्या गावात गाड्या लावायला जागा चांगली आहे, तर गावं पेटतील. का? मुक्काम कुणा एकाच्या मालकीचा नाही म्हणून. ज्यांनी वाट पाहिली त्यांचाही त्यात वाटा आहे.

आता आपल्या दारातली गोष्ट. २०१६ चा उन्हाळा आठवतोय का? इथं बसलेल्या आयाबायांना आठवत असणार. पाठोपाठच्या दुष्काळानं मराठवाडा कोरडा पडला होता. १२ एप्रिलला लातूरला रेल्वेनं पाणी आलं, मिरजेहून. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आणि त्याच आठवड्यात मुंबईत आयपीएल. मुंबई हायकोर्टात लोकसत्ता मूव्हमेंटनं अर्ज केला होता: माणसांना प्यायला नाही आणि मैदानांवर पाणी मारता? तीन मैदानांसाठी साठ लाख लिटर लागेल असा आकडा पुढं आला. क्रिकेटवाले म्हणाले, आम्ही प्यायचं पाणी वापरत नाही, सांडपाणी शुद्ध करून वापरू. दुष्काळ निधीला पैसे द्यायची तयारीही दाखवली. कोर्टानं ऐकलं नाही. १३ एप्रिल २०१६ ला हुकूम झाला: ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांची १२५ वी जयंती होती. सुप्रीम कोर्टानंही त्याच महिन्यात क्रिकेट संघटनांचं म्हणणं फेटाळलं. पुण्यातला १ मेचा एक सामना तेवढा होऊ दिला.

झालं. हंगाम अर्ध्यावर आणि पुण्याची टीम, मुंबईची टीम, दोन्ही विशाखापट्टणमला. फायनल मुंबईत होती ती बंगळूरला. आता हा टीमांवर अन्याय होता का? आकडे बघा. पुण्याच्या टीमनं पुण्यात गहुंज्याला घरचे चार सामने खेळले, चारही हरली. विशाखापट्टणमला तीन खेळली, त्यांतले दोन जिंकली. म्हणजे 'घर' सोडल्यावर जिंकली! मुंबईचं उलट. वानखेडेवर चारांत दोन जिंकले होते, विशाखापट्टणमला तिनांत एक. १४ गुण होऊन टीम पाचवी आली. १६ वाले आत गेले. एका विजयाचा फरक. मुंबईवाला म्हणू शकतो, मैदान गेलं म्हणून आम्ही गेलो. आणि विशाखापट्टणमला मुंबईशी खेळलेल्या हैदराबादला, पंजाबला, दिल्लीला वानखेडे बघावंच लागलं नाही; गुजरातला, बंगळूरला, कोलकात्याला बघावं लागलं. पेपर पुन्हा दोन झाले. तरीही माझं मत विचाराल तर हुकूम रास्त होता. कारण सामन्यातल्या न्यायाहून मोठा न्याय असतो. कोरड्या घशाचा माणूस रांगेत पहिला.

पण थांबा. इथं टाळ्या वाजवून उठायचं नाही. अजून हिशेब संपलेला नाही.

साठ लाख लिटर म्हणजे किती? तीनशे माणसांची वस्ती धरा, माणशी रोज वीस लिटर. वस्तीचं हजार दिवसांचं पाणी. मोठी गोष्ट आहे, हसण्यावारी न्यायची नाही. आता दुसरीकडून मोजा. उसाला सबंध हंगामात, जमिनीवर उभं केलं तर दोन मीटरच्या पुढं उंची होईल एवढं पाणी लागतं. एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर. चार हजार गुणिले दोन, आठ हजार घनमीटर. म्हणजे ऐंशी लाख लिटर. एका एकर उसाला! तीन मैदानांवरून वाचवलं ते पाणी एक एकर ऊससुद्धा पिकवू शकलं नसतं. आणि ह्या राज्यात पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास, पण सिंचनाच्या पाण्यातला वाटा सत्तर टक्क्यांच्या घरात, हे सरकारच्याच कृषिमूल्य आयोगानं मांडलेलं आहे.

मी ऊसवाल्याला शिव्या द्यायला आलेलो नाही. आपली माणसं त्याच उसाच्या तोडीला जातात, त्याच कारखान्याच्या गव्हाणीवर राबतात. आपल्या तालुक्याची चूल उसावर आहे हे मला माहीत आहे. पण विचारायला नको का? मैदान हलवायला कोर्टाला एक आठवडा लागला. उसाचं पाणी हलवायला कुणी कोर्टात गेलं असतं तर एक आठवडा पुरला असता का? मैदान टीव्हीवर दिसतं म्हणून पकडलं गेलं. मळा टीव्हीवर दिसत नाही.

आणि वाचलेलं पाणी कुठं गेलं? हा माझा खरा प्रश्न आहे. कुठल्या वस्तीच्या टाकीत पडलं? कुठल्या टँकरमध्ये? मैदान गेल्याची बातमी पहिल्या पानावर आली. पाणी आल्याची बातमी माझ्या वाचनात आली नाही. माझ्या आजीला मी तेव्हा मोठ्या उत्साहानं सांगितलं, आये, कोर्टानं म्याची बंद केल्या, पाणी वाचलं. ती हंडा घासत होती. म्हणाली, 'वाचलं तर मग हंड्यात का न्हाय दिसत रं?' ह्या एका प्रश्नाला माझ्याकडं आजतागायत उत्तर नाही. तुमच्याकडं असेल तर द्या.

चवदार तळ्याची आठवण इथं येणारच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला ओंजळभर पाणी घेतलं. तळं सरकारी, नगरपालिकेनं खुलं केलेलं, तरी प्यायला सत्याग्रह लागला. मग सवर्ण कोर्टात गेले. हायकोर्टाचा शेवटचा निकाल कधी आला? १७ मार्च १९३७. दहा वर्षं! ओंजळभर पाण्याला दहा वर्षं आणि साठ लाख लिटरला आठवडा. काळ बदलला, हे मान्य. कोर्टाला दोष देत नाही. दोन्ही वेळा निकाल चांगलाच लागला. पण महाडला तळ्यापर्यंत आपले पाय पोचले होते. २०१६ ला फक्त बातमी पोचली. पाणी हक्कानं हातात पडणं आणि पाणी कुठंतरी वाचलं असं ऐकणं, ह्यात तळं आणि मृगजळ एवढा फरक आहे.

गोष्ट पुढं आहे. दोन वर्षांनी, २०१८ ला, चेन्नईत कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटलं. १० एप्रिलला तिथं एक सामना झाला, बाहेर निदर्शनं, आत बूट फेकला गेला. चेन्नईचे उरलेले सहा घरचे सामने कुठं आणले? पुण्याला. गहुंज्याला! म्हणजे पाण्याच्या भांडणातून उठलेली टीम दुसऱ्या पाण्याच्या भांडणात येऊन बसली. कारण गहुंज्याच्या मैदानासाठी पवनेचं पाणी उचलण्यावरून पुन्हा हायकोर्टात अर्ज झाला आणि कोर्टानं ते पाणी घ्यायला मनाई केली. सामने झाले. चेन्नईवाल्यांनी सहातले पाच जिंकले आणि शेवटी कपही नेला. चेन्नईहून प्रेक्षकांची खास रेल्वेगाडी आली होती. टीमला घर हरवल्याचं दुःख फार झालं असं काही दिसलं नाही.

आणि ती पवना कुठली? मावळातली. ९ ऑगस्ट २०११ ला त्याच पवनेचं पाणी बंद नळानं पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध शेतकरी एक्सप्रेसवेवर उतरले. पोलिसांनी गोळ्या घातल्या. तीन माणसं मेली. पुढच्याच वर्षी, त्याच एक्सप्रेसवेच्या कडेला, गहुंज्याच्या मैदानावर आयपीएलचे दिवे लागले. मी एवढंच शेजारी शेजारी ठेवतो. जोडायचं तुम्ही जोडा.

अजून एका माणसाचा हिशेब राहिला. मैदान हलतं तेव्हा टीम विमानानं जाते. मालकाला दुसरं मैदान मिळतं. तिकीटवाल्याला पैसे परत मिळतात. पण गवत कापणारा, पिच झाकणारा, खुर्च्या पुसणारी बाई, गेटवर झेंडे आणि शिट्ट्या विकणारं पोरगं, रात्री दीड वाजता प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करणारी माणसं? ही कोण असतात सांगायला पाहिजे का? मी स्वतः एका उन्हाळ्यात पुण्याकडच्या एका मैदानावर ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर होतो. एक कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. पाच दिवसांची मजुरी बुडाली. ठेकेदार म्हणाला, काम नाही तर दाम नाही. बरोबर आहे ना? त्याच्या कायद्यात बरोबर. कोर्टाच्या कुठल्याही हुकमात आमचा उल्लेख नसतो. आम्ही ना टीम, ना प्रेक्षक, ना दुष्काळग्रस्त. बाळू पाळवणकरांच्या चार रुपयांच्या नोकरीचे आम्ही वारसदार, पण त्यांच्या हातात चेंडू तरी आला. आमच्या हातात फक्त झाडू.

तर मित्रांनो, एवढं सगळं उगाळून काय निघालं? माझ्या मते चार प्रश्न निघाले. मैदान हंगामात बदलायचं म्हटलं की हे चार विचारायचे.

पहिला: कारण काय? कालवा फुटलाय की ऊस वाळतोय? कारण चारचौघांत सांगता येण्यासारखं आहे का? २०१६ चं कारण चारचौघांत सांगता येत होतं. 'पाव्हणं येणार हायती' हे येत नाही.

दुसरा: कधी सांगितलं आणि कुणाला विचारलं? टॉटनहॅमनं आधी सांगितलं होतं. आमच्या मॅचच्या आदल्या दिवशी सांगावा आला होता.

तिसरा: भार कुणावर पडला? सगळ्या टीमांवर सारखा, की नेहमीच्याच खांद्यावर? मैदानावर काम करणाऱ्याची मजुरी त्यात धरली का?

चौथा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा: ज्याच्या नावानं हलवलं, त्याला मिळालं का? पाण्याच्या नावानं हलवलं तर पाणी हंड्यात दिसलं पाहिजे. २०१६ चा हुकूम पहिल्या प्रश्नात पास झाला. चौथ्यात अजून त्याचा पेपर तपासलेला नाही.

आता आपल्या स्पर्धेला हे चार प्रश्न लावा. कारण काय? लाइट आणि मांडव. वाईट नाही, पण तहान नव्हे. विचारलं कुणाला? मंडळाच्या पाचसहा जणांना. ज्या टीम हरून घरी गेल्या त्यांना विचारलं का? भार कुणावर? गायरानावर वडे आणि चहा विकायला ज्या दोघीतिघी बसतात, आपल्याच आया, त्या रस्त्याकडेच्या मैदानावर बसू शकतील का? तिथं देणगीदाराच्या भाच्याचा स्टॉल असणार आहे असं मी ऐकतो. आणि मिळणार कुणाला? त्या मैदानावर बोअर आहे, रोज संध्याकाळी धुरळा बसवायला फवारा चालतो. इथं, ह्या समाजमंदिराच्या मागं, आज सकाळी मी टँकरची रांग बघितली.

त्यानं लाइट द्यावी. गायरानावर द्यावी! खांब उभे करायला आपले हात आहेत. जयंतीची देणगी जयंतीच्या जागेवर यावी. जयंतीनं देणगीच्या जागेवर जायचं नाही. तो म्हणाला, माझ्या मैदानावर आलात तरच देईन, तर समजा की ती देणगी नव्हे. ते भाडं आहे, आणि भाडं आपण भरतोय.

आणि एक खाजगीतली गोष्ट, आपली आपल्यात. १९६४-६५ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीन माणसं तुरुंगात गेली, ती पडीक जमिनीसाठी, ह्याच असल्या गायरानासाठी. आज त्या गायरानावर आपण निदान चेंडू तरी टाकतो. जागा वापरात असली की ती आपली असते. आपण स्वतःच उठून गेलो, एक संध्याकाळ, दोन संध्याकाळी, मग पुढच्या वर्षी सबंध स्पर्धा, तर तिथं पाटी लागायला किती वेळ लागतो? कुणी हाकललं म्हणून गेलो तर लढाई तरी होते. लाइट बघून गेलो तर लढाईसुद्धा नाही.

कुणी म्हणेल, काय हा माणूस, पोरांच्या खेळात राजकारण आणतो. आरं बाबांनो, राजकारण मी आणलं नाही. ते आधीच पॅड बांधून क्रीजवर उभं आहे. मी फक्त बोट दाखवलं.

माझी सूचना एवढीच. आज रात्री आठही टीमचे कप्तान इथं बसवा, हरलेलेसुद्धा. चहा-वड्याच्या आयांपैकी एकीला बसवा. टँकरच्या रांगेतल्या एकीला बसवा. चार प्रश्न वाचून दाखवा. मग हात वर करा. ठरलं की गायरान, तर पिचचे दगड उद्या पहाटे मी वेचायला येतो. ठरलं की रस्त्याकडचं, तर मी तिथं मॅच बघायला येईन, शिव्या देणार नाही. पण पाणी मात्र माझ्या बाटलीतलं पिईन, आणि मॅच झाल्यावर त्या बोअरच्या मालकाला वस्तीच्या टाकीला नळ द्यायला लावू. सगळे मिळून. नुसत्या सावलीत बसून फुकट टाळ्या वाजवायच्या नाहीत.

तो कोरड्या घशाचा बोलर आता कुठं आहे असं मघाशी एका पोरानं विचारलं. आहे. मुंबईत सफाई खात्यात आहे. गेल्या वर्षी भेटला. म्हणाला, त्या दिवशी पाणी प्यायलो असतो तर मॅच जिंकली असती रे. मी म्हणालो, मग प्यायचं होतंस. तो हसला. म्हणाला, मग जिंकून घरी काय घेऊन गेलो असतो?

जयभीम.